रिकामी ठेवलेली गोधडी

आईवडील गेलेलं मूल भेटलं की तुम्ही पहिल्यांदा काय विचारता? ‘कसे गेले गं?’ हेच ना? मीही तेच विचारायचे.

महिन्यापूर्वी सकाळी फोन आला, हिराताई गेल्या. मला आधी आठवलं ते माझं पत्रक... आणि रडण्याआधी लाज वाटली.

दिवाळे गावच्या कोळीवाड्यातल्या हिराताई समुपदेशक होत्या. नेरूळच्या एका वसतिगृहात त्या दर शनिवारी आईवडील नसलेल्या दहाबारा मुलींना स्वतः शिवलेल्या गोधड्यांवर गोल बसवत. नियम दोनच. सुरुवातीला प्रत्येकीने आपल्याला काय येतं ते सांगायचं, आणि गोलातलं गोलातच ठेवायचं. मी मदतीला जायचे. चळवळीतल्या घरात, मोर्चाच्या पत्रकांचे गठ्ठे बघत वाढलेली मी. नुसतं बोलून काय होणार, असं मला वाटायचं. एक चौदा वर्षांची मुलगी कित्येक महिने ‘मला भाकरी येते’ एवढंच म्हणायची. एका शनिवारी ती आईच्या शेवटच्या दिवसाबद्दल बोलली. मी पेटले. तिचं वाक्य जसंच्या तसं घेऊन ‘अनाथांचा आक्रोश’ असं पत्रक छापलं, नाव गाळलं, आणि तिच्याच शाळेच्या फाटकावर उभं राहून वाटलं. वर्गाने तिला लगेच ओळखलं.

पुढच्या शनिवारी तिची गोधडी रिकामी होती. “लिवलंस ते खरं हाय गो,” हिराताई मला म्हणाल्या, “पन तुजं नव्हतं.” ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर त्यांच्या शेवटच्या शनिवारपर्यंत त्या ती गोधडी अंथरत राहिल्या. ती मुलगी काही गोलात आली नाही.

ताई गेल्यानंतरच्या शनिवारी गोधड्या मी अंथरल्या, तिचीही. ती दारात थोडा वेळ थांबली, मग येऊन बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “दीदी, तुला काय येतं?”

“भाषण!” कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या.

“भाकरी शिक,” ती म्हणाली. “मी शिकवते.”

हे लिहू का, असं या वेळी मी तिला आधी विचारलं. “भाकरीचं लिही. आईचं नको.”

ती गोधडी आता रोज तिच्या कॉटवर असते, शनिवारी गोलात येते. तुमच्याही जवळ असं एखादं वसतिगृह असेल. तिथल्या ताईंना विचारून एका शनिवारी जा. कोण कसं गेलं ते विचारू नका. तुला काय येतं, ते विचारा. आणि जे ऐकाल, ते तिथेच ठेवून या.