कूलरची ओल

भाऊजी गेल्याचं मला ऑफिसात कळलं. मोठ्या साहेबांच्या टेबलावरचा फोन माझ्यासाठी होता आणि पलीकडून शेजारचे देवरावजी एवढंच म्हणाले, "वसंता, घरी ये गा." रिसीव्हर ठेवताना डोळ्यांपुढे आली ती आमच्या न्हाणीघराची भिंत. अशा वेळी भिंत का आठवावी, याची तेव्हा लाज वाटली. आता काही आठवडे गेलेत, म्हणून लिहितो.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांची गिरणी बंद पडली तेव्हा दोघं नागपुरात सक्करदऱ्याला आमच्याकडे राहायला आली, थोड्या दिवसांसाठी म्हणून. दुसरं काम काही मिळालं नाही आणि ते आमच्याकडेच राहिले. सासुरवाडीत राहणाऱ्या जावयाला लोक काय म्हणतात, ते त्यांना ठाऊक होतं. आल्या आल्याच त्यांनी माझ्या वडिलांचा गंजलेला पान्हा शोधून काढला. गळक्या नळाचा वॉशर बदलणं, जॉइंटला धागा गुंडाळून सफेदा लावणं, तुंबलेली मोरी तारेनं मोकळी करणं, सगळं ते शिकले. आई कासावीस व्हायची. "जावईबापू, राहू द्या, तुम्ही काहून हात घाण करता?" ते म्हणायचे, "बसून बसून अंग आंबून राहिलं, आई." देवरावजी एकदा कुंपणावरून त्यांच्यादेखतच मला म्हणाले, "काय गा, घरीच प्लंबर ठेवला वाटते तू! खाऊनपिऊन का?" भाऊजी हसले. त्या रात्री मात्र जेवायला बसले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले.

त्यानंतरच्या मे महिन्यात न्हाणीघराच्या भिंतीला, आमच्या बैठकीच्या बाजूनं, ओल आली. भाऊजींनी नुकताच न्हाणीतला नळ बदलून कसला होता, नेमकी ती जागा. पोपडे सुटायला लागले. प्लंबर बोलवायला हवा, हे प्रत्येकाला दिसत होतं. पण घरात जावई असताना, त्यांनीच केलेल्या कामावर बाहेरचा माणूस आणायचा कसा? शेवटी आईनं तोड काढली. भिंतीला लागूनच कूलर होता. "कूलरची ओल आहे ती," आई म्हणाली, "वाळ्याच्या ताट्यांतून पाणी उडतंय." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीच तो कूलर उचलून व्हरांड्यात नेला. नागपुरातला मे महिना, पत्र्याचं छप्पर, आणि आम्ही सारे घामानं निथळत पंख्याखाली बसलेलो... भाऊजी समोर असले की कोणी उकडतंय असंही म्हणायचं नाही. ताई तर पदरानं वारासुद्धा घ्यायची नाही.

कूलर बंद होता, तरी ओल वर चढत गेली. एके दुपारी भाऊजींनी घरातले सगळे नळ बंद केले आणि भिंतीला कान लावून उभे राहिले. मी दारातून पाहत होतो. आत पाणी वाहत असल्याचं त्यांना ऐकू आलं असणार. त्यांनी सायकल काढली आणि रणरणत्या उन्हात निघून गेले. परतले तेव्हा मागच्या कॅरिअरवर नामदेव प्लंबर बसला होता, मांडीवर पिशवी घेऊन.

"आतला पाइप सडला हाये," भाऊजी अंगणातूनच मोठ्यानं म्हणाले, म्हणजे देवरावजींनाही ऐकू जावं. "मी नळ कसला तवाच मोडला असंल. दिसते तोवर मी करीन. भिंतीतलं माह्यानं होत नाही." मग आईकडे वळून अगदी हळू आवाजात, "आई, कूलर लावा आता. किती दिवस उकडून राहिलं तुमाले."

म्हणजे त्यांना माहीत होतं. आमचा सगळा खेळ ते पाहत होते. आम्ही त्यांना जावयाचा मान दिला, तो कधी कमी पडू दिला नाही. पण घरच्या माणसाला जसं तोंडावर सांगतो, "अहो, हे बिघडलं तुमच्या हातून," तेवढं जवळ कधी घेतलं नाही. शेवटी ते त्यांनाच सांगावं लागलं, आणि प्लंबर आणायला सायकलवरही त्यांनाच जावं लागलं. पुढेही मी त्यांच्याशी याबद्दल बोललो नाही. हे मला अजून बोचतं.

भाऊजींच्या तेरवीनंतर स्वयंपाकघराची मोरी तुंबली. तार फिरवणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून मी नामदेवला बोलावलं. काम सुरू करण्याआधी त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "मालक नाही दिसून राहिले?"

घर माझ्या नावावर आहे. मी त्याला तसं काही सांगितलं नाही. "गेले," म्हणालो.

तो पिशवी खाली ठेवून उकिडवा बसला. "भिंत फोडताना बाजूलेच उभे होते. म्हणे, हळू हाण गा, आपलं घर हाये."

ताई चुलीजवळ उभी होती. तिनं ऐकलं. "अजून एकदा सांग," ती नामदेवला म्हणाली.