हेड कोच गेला आणि शेजारची मुलगी राहिली

५ जानेवारी, सोमवार. दिवाळीला लावलेल्या दिव्यांच्या माळा मी अखेर झुडपांवरून उतरवत होते. नवरा फोन बघत बाहेर आला. "काढलं एकदाचं हेड कोचला," म्हणाला. इथे अमेरिकेत आमच्या शहराची फुटबॉलची टीम हरत होती, आणि हा सगळा सीझन सोफ्यावरून हेच मागत होता.

"आणि शेजारच्यांचं काय?" मी विचारलं. तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

आमच्या अमेरिकन शेजारणीचा नवरा त्याच टीममध्ये असिस्टंट कोच. नवा हेड कोच आपली माणसं घेऊन येतो. जुन्यांनी दुसऱ्या गावात नोकरी शोधायची. तिच्या मुलीची ही चौथी शाळा, आणि बारावीचे शेवटचे पाच महिने उरलेले.

तीन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याची नोकरी गेली होती. व्हिसामुळे साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर भारतात परत जा. मी नुसती बसून होते. शेजारीण रिकामी खोकी घेऊन आली. धीर वगैरे दिला नाही. म्हणाली, "रडायचं तर बांधाबांध करता करता रड." काय विकायचं, काय कोणाला द्यायचं, कुठल्या खोलीपासून सुरुवात करायची, सगळं तिने शिकवलं. रोज येत होती. पुढे नोकरी मिळाली, आम्ही राहिलो. पण ते दिवस मी धड काढले ते तिच्यामुळे.

माळा तशाच टाकून मी तिच्याकडे गेले. मुलगी खोलीचं दार लावून बसली होती. या वेळी तुमच्याबरोबर येणार नाही म्हणत होती.

"तिला मे महिन्यापर्यंत आमच्याकडे ठेव," मी म्हटलं. "आमची लेक कॉलेजला गेली, तिची खोली रिकामीच आहे."

"तुमचं तिखट सोसेल तिला?"

"दिवाळीत चकल्यांचा डबा कोणी संपवला?"

ती हसली. नवऱ्याला विचारते म्हणाली.

संध्याकाळी मुलगी स्वतःच आली, बाबांनी हो म्हटलं ते सांगायला. आमची मुलगी माझ्या मैत्रिणींना मावशी म्हणते, ते ऐकून ही मला मावशी म्हणते. "मावशी, मी खरंच राहू?"

"डिशवॉशर तू रिकामा करायचा," मी म्हटलं. तिने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण आणि मी शाळेच्या ऑफिसात गेलो. आईवडील गावात नसताना मुलीला काही झालं तर कोणाला फोन करायचा, त्या रकान्यात मी माझा नंबर लिहिला.