इतर उत्पन्नाच्या रकान्यातली म्हैस

मिनू, तुझं पत्र आणि ज्ञानोबांची बातमी एकाच दिवशी आली. पत्र सकाळच्या टपालानं आलं, बातमी दुपारी. तू अमेरिकेहून लिहिलं होतंस की शाळेत वादविवाद आहे, कॉलेजचं शिक्षण लोकांच्या करातून फुकट द्यावं की नाही असा विषय आहे, आणि तुला 'द्यावं' या बाजूनं बोलायचं आहे, तर आजी, तुमच्याकडे कसं असतं ते कळव. मी कागद काढला, वर उजव्या कोपऱ्यात तारीख घातली, 'चि. मिनू आणि समीर' असं लिहिलं, एवढ्यात फाटकाची कडी वाजली. ज्ञानोबांची कमल होती. शाळेतून थेट घरी आणि घरून थेट इकडे आलेली. हाताला खडू तसाच. चपला न काढताच पायरीवर उभी राहून म्हणाली, "बाई, अण्णा गेले." सकाळी म्हशीला पाणी दाखवून आले, ओट्यावर टेकले, चहा आण म्हणाले... आणि चहा येईपर्यंत थांबले नाहीत. त्या कागदावर पुढे काही लिहिलं गेलं नाही. आज पाच आठवडे झाले. उत्तर पत्रात मावेलसं दिसत नाही, म्हणून वर्तमानपत्राच्या पुरवणीकडे पाठवते आहे. छापून आलं की कात्रण तुम्हाला धाडीन. बाबांकडून वाचून घ्या.

ज्ञानोबा तुम्हाला आठवतील ते भोवऱ्यांमुळे. मागच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा चिखलीहून सायकलवर आले होते, आणि सदऱ्याच्या खिशातून दोन पितळी भोवरे काढून तुमच्या हातावर ठेवले होते. समीरनं बाबांकडे बघून विचारलं होतं, "याला बॅटरी कुठे असते?" ते ऐकून ज्ञानोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. इथल्याच एका कारखान्यात ते टर्नर होते, म्हणजे लेथवर धातू कातून गोल, गुळगुळीत करणारे. हातात काहीही आलं की त्याच्या कडेवरून अंगठा फिरवून बघायची त्यांना सवय होती. चहाचा कप दिला तरी आधी काठावरून अंगठा फिरायचा, मग घोट. कुठे खरखरीत लागलं की कपाळाला आठी पडायची. माणूस मात्र कसा कातलेला आहे, हे त्यांनी कधी अंगठा फिरवून पाहिलं नाही. जो येईल तो त्यांना चालायचा.

आम्ही बासष्ट साली चिंचवडला राहायला आलो. तुमचे आजोबा त्याच कारखान्याच्या हिशेबखात्यात होते आणि मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. कमल माझ्या वर्गात होती. शाळा सुटली की ती आमच्या ओसरीवर अभ्यासाला बसायची आणि कारखान्यातली पाळी संपली की ज्ञानोबा तिला सायकलच्या कॅरियरवर बसवून चिखलीला न्यायचे. मॅट्रिकला ती असे मार्क मिळवून आली की मी शाळेत पेढे वाटले. तेव्हा ज्ञानोबा ओसरीच्या पायरीवर टोपी हातात घेऊन बसले, आणि म्हणाले, "बाई, पोरगी शिकती म्हनती. पर माजा चुलता चऱ्होलीचं स्थळ घिऊन आलाय. पोरगा चांगला हाय. आता कालेजची फी कुठनं आनू, का लगीन लावू?" कमल आत स्वयंपाकघराच्या दारामागे उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

त्या काळी आपल्या सरकारची एक सवलत होती, ई.बी.सी. म्हणत तिला. घरचं वर्षाचं उत्पन्न ठरावीक रकमेच्या आत असेल तर मुलाची किंवा मुलीची कॉलेजची फी माफ. मी म्हटलं, स्थळाला थांबायला सांगा, फॉर्म मी भरते. तुमचे आजोबा आरामखुर्चीतून वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले, "भरा, भरा. माझ्या पगारातून इन्कमटॅक्स कापला जातो तो याचसाठी. जगाच्या पोरांना बी.ए. करायचं." ज्ञानोबांनी टोपी डोक्यावर घातली आणि शांतपणे म्हणाले, "सायेब, टॅक्स मीबी भरतो. काडीपेटीवर हाय, साखरंवर हाय, घासलेटावर हाय. तुमचा पगारातनं कापत्यात, त्यो दिसतो. आमचा काडी वडताना जातो, त्यो दिसत न्हाई, एवढंच." वर्तमानपत्र जरा खाली आलं. त्या दिवसापासून आजोबा ज्ञानोबांना पायरीवर बसू देईनात, खुर्ची पुढे करायचे.

आता माझी चूक सांगते. तुम्हाला माहीत आहे, मला रिकामा रकाना बघवत नाही. फॉर्म समोर ठेवून मी एकेक विचारत गेले. पगार लिहिला, ओव्हरटाइम लिहिला. मग रकाना आला, 'इतर उत्पन्न'. ज्ञानोबा म्हणाले, "इतर म्हंजी?" मी म्हटलं, पगाराशिवाय घरात आणखी काही येतं का? शेत होतं ते निम्मं कारखान्यांच्या जागेत गेलेलं, उरलेल्यात घरापुरती ज्वारी व्हायची. त्यांनी पुष्कळ विचार केला आणि म्हणाले, "म्हैस हाय एक. दोन शेर दूध डेरीला जातं." मी म्हैस भाकड असण्याचे महिने वजा केले, पेंडीचा खर्च वजा केला, आणि उरलेली रक्कम सुवाच्य अक्षरात लिहिली: 'एक म्हैस, दूधविक्री'. खाली ज्ञानोबांनी सही केली. मला फार समाधान वाटलं होतं.

अर्ज नामंजूर झाला. मी कमलला घेऊन पुण्याला कॉलेजात गेले, तर खिडकीतले कारकून, सज्जन माणूस, डोक्याला हात लावून म्हणाले, "अहो बाई, म्हैस कुणी लिहितं का? या एवढ्या गठ्ठ्यात तुमची एकटीची म्हैस आहे!" मागे उभी असलेली मुलं हसली. थोडक्यासाठी गेलं होतं सगळं. म्हशीनंच ते मर्यादेबाहेर ढकललं होतं. आता या वर्षी काही होणार नाही, असं ते म्हणाले. परतीच्या लोकलमध्ये कमल खिडकीबाहेर बघत होती आणि मी माझ्या पर्सची चेन उघडत-मिटत होते. घरी आल्यावर ज्ञानोबांना मी एवढंच सांगितलं की उत्पन्न जास्त भरलं. म्हशीचं बोलले नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढेही कधी नाही... ते म्हणाले, "असू द्या बाई. काडतो मी फी." चऱ्होलीच्या स्थळाला नाही म्हणून निरोप गेला. चुलत्यानं दोन वर्षं घरी पाऊल टाकलं नाही.

फी काढायची म्हणजे ज्यादा काम करायचं. त्या वर्षी ज्ञानोबा पाळीवर पाळी करत राहिले. कमलला न्यायला यायला त्यांना सवड नव्हती, ती आपली आपण बसनं जायची. आणि वर्ष संपल्यावर नवा फॉर्म आला तेव्हा ध्यानात आलं की फीसाठी केलेल्या ओव्हरटाइमनंच उत्पन्न आणखी वर गेलं आहे. म्हणजे फी भरायला जितकं राबावं तितकी माफी लांब जाणार. आजोबांनी ते आकडे दोनदा तपासले. करातून भरल्या जाणाऱ्या फीबद्दल ते आजवर खूप बोलले होते, पण असा नियम त्यांनी पहिल्यांदाच जवळून पाहिला असावा.

ज्ञानोबांनी दोन दिवस विचार केला. म्हैस विकावी असं त्यांच्या मनात होतं, पण कमलची आई म्हणाली, म्हशीआधी मला विका. मग त्यांनी ओव्हरटाइम सोडला. पुरा. त्यांच्यासारखा हात खात्यात दुसरा नव्हता. फोरमन चिडला, विनवण्या करून बघितल्या, मग बोलणं टाकलं. सोबतचे लोक गेटावर टोमणे मारायचे, "काय राव, आता सरकारचे जावई! पाच वाजता घरी!" ज्ञानोबा म्हणायचे, "व्हय, आन् हुंडाबी नगं म्हनलो." पुढच्या वर्षापासून कमलची फी माफ झाली, ती शेवटपर्यंत. फॉर्म दर वर्षी मीच भरायची. 'एक म्हैस' दर वर्षी लिहिली जायची. एकदा लिहिलेलं आता गाळणार कसं?

पण रोज पाच वाजता सुटणाऱ्या कामगाराचे हात रिकामे राहीनात. कमल पुण्याहून परत येईपर्यंत ते आमच्या ओसरीवर वाट बघत थांबायचे, आणि थांबता थांबता काही ना काही करत बसायचे. आपल्या घराच्या बिजागऱ्या, न्हाणीघराचा नळ, माझ्या शिलाई मशीनचं चाक, आजोबांच्या आरामखुर्चीची खीळ, फाटकाची कडी, सगळं त्या तीन वर्षांतलं आहे. कंपनीला न विकलेल्या त्यांच्या संध्याकाळी आपल्या घरात अशा जागोजागी बसवलेल्या आहेत. मी एकदा पाकीट पुढे केलं तर दोन पावलं मागे सरले. "नगं बाई. घेतलं तर फारमात लिवावं लागंल!" मग चहा ठेवला तर कपाच्या काठावरून अंगठा फिरवत, डोळे बारीक करून आजोबांना विचारलं, "सायेब, च्या उत्पन्नात धरत्यात का?" आजोबा गंभीरपणे म्हणाले, "साखरेसकट असेल तर धरतात." त्यानंतर कमल बी.ए. होईपर्यंत ते आमच्याकडे बिनसाखरेचा चहा प्यायचे. आधी थट्टेनं, मग सवयीनं.

त्या ओसरीवर दोघांचा वाद अधूनमधून चालूच असायचा. आजोबांचं म्हणणं, फुकट मिळालं की पोरं वर्गात झोपा काढतात, आणि त्यांच्या झोपेचे पैसे आपण भरतो. ते अगदी खोटं नव्हतं; मी शिक्षिका आहे, झोपणारे मी पाहिले आहेत. एकदा मी मध्ये पडून विचारलं, "तुम्ही स्वतः शिकलात तेव्हा फीमधून प्रोफेसरांचा पगार निघत होता का?" ते म्हणाले, "खडूचा निघत असेल." शेवटी शेवटी ते म्हणू लागले की द्यायचं तर सगळ्यांना द्या आणि श्रीमंताकडून करात वसूल करा, पण चांगल्या टर्नरला पाच वाजता घरी बसवणारा नियम नको. यापुढे मात्र ते सरकले नाहीत. अजूनही नाहीत. हे लिहिताना त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "मी पूर्ण मान्य केलं असं लिहू नकोस हं."

मुलांनो, आणखी एक सांगायला हवं, आणि ते सांगताना मला जरा जड जातं. तुमचे बाबा सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले. आमच्या उत्पन्नाला माफी नव्हती, आम्ही फी भरली. पण ती फी म्हणजे पुन्हा खडूचाच खर्च. बाकीचं कुणी भरलं? ते अमेरिकेला निघाले तेव्हा ज्ञानोबा भेटायला आले होते. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळासायेब, आमच्या काडीपेटीच्या पैशात शिकलाय. तकडं काम असं करा की कुनी अंगठा फिरवला तर खरखर लागू नये." सगळे हसले. बाबाही हसले. कमल बी.ए. झाली, बी.एड. झाली, आणि मोशीच्या शाळेत गेली बारा वर्षं शिकवते आहे. मी हिशेब मांडत नाही, मिनू. तू विचारलंस, म्हणून आमच्याकडे कसं असतं ते सांगते आहे.

गेल्या रविवारी कमल आईला घेऊन आली. कारखान्यात कामगारांचा एक मदतनिधी आहे, त्यातून विधवेला महिन्याला थोडं मिळतं. त्याचा फॉर्म होता. कमल स्वतः शिक्षिका, पण म्हणाली, "बाई, तुम्हीच भरा. अण्णांचे सगळे तुम्हीच भरलेत." मी चष्मा लावला, नाव लिहिलं, वय लिहिलं, पत्ता लिहिला. आणि खाली तोच रकाना होता... माझा हात थांबला. इतक्या वर्षांनी मी ते बोलून टाकलं. म्हटलं, कमल, तुझ्या पहिल्या वर्षाची फीमाफी त्या म्हशीमुळे गेली, आणि म्हैस माझ्यामुळे लिहिली गेली. तुझ्या वडिलांना मी कधी सांगितलं नाही.

कमल म्हणाली, "अण्णांना ठाऊक होतं, बाई." अर्ज परत आला त्याच आठवड्यात गावच्या तलाठ्यांनी त्यांना बोलावून कोरा फॉर्म पुढे केला होता. म्हशीची ओळ गाळा, बाकी मी बघतो, कॉलेजातही बोलतो, असं सांगितलं होतं. ज्ञानोबांनी तो फॉर्म घडी न घालता तसाच परत दिला. म्हणाले, "बाईंनी लिवलंय ते खरं हाय. खरं हाय ते आता खोडायचं, तर बाई खोट्या पडत्यात." आणि घरी येऊन कमलला बजावलं, हे बाईंना कळता कामा नये, त्यांच्या जिवाला लागेल. त्यांनी त्यानंतर वर्षभर पाळीवर पाळी केली. मी त्यांच्यापासून लपवत होते आणि ते माझ्यापासून लपवत होते, आणि मधे बिनसाखरेचा चहा.

मी पेन खाली ठेवलं. आजोबा आतून पाण्याचा पेला घेऊन आले आणि माझ्याजवळ ठेवून उभेच राहिले. तेव्हा कमलची आई फॉर्मवर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो इतरचा रकाना का? मग लिवा की बाई. म्हैस हाय अजून. ती न्हाई, तिची नात."

मी लिहिलं, 'एक म्हैस, दूधविक्री'. अक्षर पूर्वीसारखं राहिलेलं नाही. कमलच्या आईनं अंगठा उठवला. अंगठा पुसायच्या आधी तिनं फॉर्मच्या कडेवरून तो एकदा सावकाश फिरवला, नवऱ्यासारखा. मग दोघी गेल्या. फाटकाची कडी लागली तेव्हा आवाज एकच आला, स्वच्छ, कुठेही खरखर नसलेला.