आबांच्या ट्रकची किल्ली

आमच्या चिंचवडच्या खोलीत एक इंजिन राहायला होतं. हो, पाहुण्यासारखं राहायला. पलंग आणि स्टोव्ह यांच्या मधोमध लाकडी घडवंचीवर बसलेलं, अंगावर गोधडी, आणि खाली गळणारं तेल झेलायला माझी जुनी परात. घरी आलेला माणूस गोधडी बघून खुशाल त्यावर टेकायचा आणि उठताना मागं हात लावून बघायचा, काय लागलं म्हणून. चहा होईपर्यंत मी काही बोलायची नाही. आधीच सांगितलं तर माणूस बसायचा कुठे? दुसरी जागाच नव्हती.

इंजिन डिझेलचं होतं, घाटात उलटलेल्या एका गाडीतून काढलेलं. आमच्या ह्यांचं मुंबई रस्त्याच्या कडेला गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार खांब आणि वर पत्रा. भिंती नाहीत, म्हणून जपायची वस्तू घरात. त्या वेळी आमच्याकडे जिकडे बघावं तिकडे नव्या कंपन्यांच्या शेडी उठत होत्या. शेजारचे म्हणायचे, "भाऊ, सोड ते पाने-पकडी, कंपनीत लाग, ओव्हरटाइम मिळतो." हे नुसते हसायचे. नवीकोरी गाडी बघून ह्यांचा चेहरा कधी खुलला नाही. पण कुठे झुडपात गंजलेला ट्रक दिसू द्या, हे बसमधून मान बाहेर काढून बघत राहायचे.

आता हे इंजिन कुणासाठी, तर माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या ट्रकासाठी. ट्रक आबांचा म्हणजे चालवायचे आबा. मालक होते मोशीचे खाणवाले शेठ. लष्कराच्या लिलावातून आलेला तो जुना पेट्रोलचा ट्रक. मी परकर नेसायची तेव्हापासून आबा त्यावर. खाणीतली खडी भरायची आणि कंपन्यांच्या बांधकामावर नेऊन ओतायची. "निम्मी पिंपरी म्या वतलीय," असं ते चारचौघांत सांगायचे. त्यांची एक रीत होती. गाडी थांबली की किल्ली काढायची, खाली उतरून बॉनेटला टेकवायची, मग कपाळाला, आणि टोपीत खोचायची. जेवायला बसले तरी टोपी डोक्यावर आणि किल्ली टोपीत. आई म्हणायची, "माझं मंगळसूत्र हरवंल एक वेळ, ह्यांची किल्ली न्हाई हरवायची."

मग पेट्रोलचा भाव भडकला आणि तो ट्रक पेट्रोल प्यायचा म्हणजे किती! शेठनी एक दिवस सांगून टाकलं, "आबा, गाडी भंगारात देतो. नवी घेतो. नव्या गाडीवर तरणा माणूस ठेवू, तुम्ही आता आराम करा."

आराम हा शब्द ऐकून आबांना ताप आला. खरंच सांगते, अंग तापलं. आईनं मला निरोप धाडला आणि मी ह्यांना मोशीला पिटाळलं. हे शेठना म्हणाले, "भंगारवाल्याच्या आधी मला द्या. डिझेल इंजिन घालून देतो. आणि गाडीवर आबाच राहतील."

शेठ म्हणाले, "चालेल, राव. पण भरलेली गाडी खाणीच्या तळातून एका दमात वर आली पाहिजे. चढणीवर अडकली, तर तिथूनच भंगारवाल्याला हाक मारतो."

आबांचा ताप उतरला, पण तोंड वाकडंच. "डिझेल म्हंजी काय गं, पोरी? स्टोव्हच्या तोंडाचा वास नि खलबत्त्याचा आवाज!"

घरातून गॅरेजात इंजिन निघालं ते हातगाडीवर, गोधडीसकट. शेजारच्या काकू पिठाचे हात घेऊन धावत बाहेर. "अगं बाई, कोण गं? दवाखान्यात नेताय का?" हे गंभीर तोंड करून म्हणाले, "हो काकू, हृदय बदलायचंय." काकू तिथंच पायरीवर बसल्या. मला त्यांना पाणी द्यावं लागलं.

चिंचेच्या फांदीला चेनपुली टांगून जुनं इंजिन उपसलं आणि नवं आत सोडलं. नवं कसलं, त्याचंही वय झालेलंच. ते निघालं वीतभर लांब. मग रेडिएटर पुढं सरकवला, तर बॉनेट अपुरं पडलं. तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून जोड दिला, ट्रकाचं नाक वाढलं, आणि बॉनेटची कडी काही पोचेना. शेवटी मी माझ्या जुन्या लुगड्याचे काठ फाडून ते बांधून टाकलं. गाठ माझी होती, ती मलाच सुटायची.

चालू करून बघताना हे गाडीखाली आडवे असायचे आणि खालून ओरडायचे, "बंद कर गं!" मग मी बॉनेटमध्ये हात घालून डिझेलच्या पंपावरचा खटका ओढायची. डिझेल तुटलं की इंजिन गप. पेट्रोलच्या गाडीसारखं ते किल्ली फिरवून बंद होत नाही. हा खटका ड्रायव्हरच्या हाताशी आणायला एक तार लागते. ती तार बसवायची तेवढी राहिली होती. हे रोज म्हणायचे, "उद्या." आणि रोज शेठचा निरोप यायचा, "कधी?"

शेवटी तशीच गाडी मोशीला नेली. मी डबा घेऊन बरोबर. खाणीच्या काठावर शेठ खुर्ची टाकून बसले होते, आणि शेजारी, अहो, खरोखरच भंगारवाला! शेठनी त्याला आधीच बोलावून ठेवला होता. तो बॉनेटच्या जोडावर बोट वाजवून बघत होता, कलिंगड बघतात तसं.

खाली तळात गाडी भरली. आबा चढून बसले. हे लाकडाचा मोठा ठोकळा घेऊन मागच्या चाकाशी उभे राहिले. गाडी मागं घसरली तर चाकाखाली सारायला. "मामा, पहिला गिअर, आणि पाय उचलू नका!" हे ओरडले. सासऱ्याला हे मामाच म्हणायचे.

"मला शिकवू नगा, जावई!" आबा ओरडले, आणि गाडी निघाली.

काय तिचा आवाज! पायाखालची खडी थरथरत होती. मागं काळा धूर, धुरात ठोकळा घेऊन पळणारे हे. मधल्या वळणावर गाडी अगदी मुंगीच्या चालीनं आली, भंगारवाला पुढं सरकला, आणि मी डब्याची कडी इतकी आवळली की बोटावर वळ उठला. पण थांबली नाही हो. रडत-कुथत, धूर ओकत, एका दमात वर आली. खाणीतल्या बायकांनी पाट्या वाजवल्या.

आबांनी ऐटीत गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवून काढली, खाली उतरून बॉनेटला टेकवली, कपाळाला लावली, टोपीत खोचली.

आणि गाडी चालूच.

आबांनी टोपीतली किल्ली काढून बघितली. परत वर चढून घातली, फिरवली, काढली. इंजिन आपलं धडधड, धडधड. सगळी खाण हसायला लागली. भंगारवाला म्हणाला, "आबा, गिअरात टाकून ब्रेक दाबा, मरंल!"

"मारायला आनली व्हय वर?" आबा त्याच्यावरच फिरले.

हे अजून निम्म्या चढणीवर खोकत होते. मग मीच पदर खोचला, बंपरवर चढले, लुगड्याची गाठ सोडली आणि खटका ओढला. सगळं एकदम गप्प.

शेठ उठून उभे राहिले. "चढली! गाडी राहिली, आबा. बसा उद्यापासून."

आबांनी किल्ली शेठच्या हातात ठेवली. "गाडी ऱ्हाऊ द्या. मी न्हाई बसत. जी गाडी माझ्या हातानं थांबत न्हाई, ती माझी न्हाई."

एवढं बोलून चालत घरी. हे तेवढ्यात वर पोचले, चेहरा काळा, नुसते दात दिसत होते. "काय झालं?" मी सांगितलं. हे मटकन ठोकळ्यावर बसले. मग शेठकडे हात पुढं केला. "ती किल्ली द्या इकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आबांच्या दारात उभा, इंजिन चालू. आबा बाहेर येईनात. आईनं आतून ढकललं तेव्हा आले. हे म्हणाले, "मामा, फक्त बंद करा. मग मी जातो."

आबा चढले. पंपाच्या खटक्याची तार ह्यांनी अखेर बसवली होती, आणि ती आणली होती बरोबर जुन्या किल्लीच्या जागी. तारेच्या टोकाला, ओढायला मूठ म्हणून, आबांचीच किल्ली ओवलेली.

आबांनी ती दोन बोटांत धरली. ओढली. इंजिन थांबलं. त्यांनी स्टार्टरचं बटण दाबून परत चालू केलं, परत ओढली. असं किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी हे म्हणाले, "मामा, बॅटरी बसेल!"

"बसू द्या, जावई, तुमी हाय की," आबा म्हणाले आणि तसेच खाणीकडे निघून गेले. न्याहारी पण केली नाही.

पुढं कितीतरी वर्षं तो लांब नाकाचा ट्रक आबांनीच चालवला. फक्त किल्ली आता तारेला अडकलेली, टोपीत खोचता येईना. थोडे दिवस हात आपोआप टोपीकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. मग तिथं त्यांनी बिडी खोचायला सुरुवात केली. आई कपाळाला हात लावून म्हणायची, "किल्लीच बरी व्हती!"