चार जबड्यांचा चक

सोलापूरच्या एका गिरणीत बंदेनवाज मिस्तरीने सतरा वर्षे लेथ चालवले. लोखंडाचा दांडा यंत्रात धरून फिरवायचा आणि त्याला हत्यार लावून हवा तेवढा गोल कातायचा, हे त्याचे काम. १९३१च्या उन्हाळ्यात बिडाची एक कपची उडाली आणि त्याच्या डाव्या डोळ्यात गेली. दीड महिन्याने तो दवाखान्यातून घरी आला. उजव्या डोळ्याने त्याला सगळे दिसत होते, पण जवळ काय नि लांब काय, हे कळेनासे झाले होते. कपबशी फळीवर ठेवायला जाई आणि फळीच्या अलीकडेच सोडून देई.

गिरणीने त्याला वाऱ्यावर सोडले नाही. फाटकावर पहारेकऱ्याची जागा देऊ केली आणि खाकी कोटही घरी पाठवला. एक डिसेंबरपासून यायचे होते. सरदारबीने, त्याच्या बायकोने, कोट खुंटीला टांगला. त्या दिवसापासून बंदेनवाज खुंटीकडे पाठ करून जेवायला बसू लागला. लोक त्याला मिस्तरी म्हणत. फाटकावरच्या माणसाला कुणी मिस्तरी म्हणत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.

त्याच्या अंगणात पत्र्याखाली एक जुने लहान लेथ होते. बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यातून त्याने ते पूर्वी कधी हौसेने आणले होते. शेजारी बैलगाडीच्या चाकाएवढे एक लोखंडी चाक होते. त्याची मूठ धरून ते कुणीतरी फिरवायचे, की पट्ट्याने लेथ फिरे. फिरवायला सरदारबी तयार होती. तेवढा चक नव्हता. लोखंड पकडून ठेवणारा चक म्हणजे लेथचा पंजाच. पंजा नसेल तर हाताचा उपयोग काय?

मंगळवार बाजारात नागप्पाचे भंगाराचे दुकान होते. त्याच्याकडे दोन चक निघाले, आणि दोन्हींचे आटे बंदेनवाजच्या लेथला बसत होते.

"ह्यो तीन जबड्यांचा," नागप्पा म्हणाला. "शहाणा हाय. एक चावी फिरवली की तिन्ही जबडे संगट सरकतात आन् लोखंड आपोआप मधोमध. ह्यो चारचा मात्र हट्टी. येकेक जबडा निराळा आवळायचा आन् नजर लावून बसायचं."

"शहाणाच दे."

"का रं, डोळ्याची भीती वाटती व्हय?"

"भीती कसली? वेळ कुणाला आहे एवढा?"

वेळ त्याच्याकडे नोव्हेंबर सरेपर्यंतचा होता. नागप्पाला ते माहीत होते. तो गालात हसला. मग म्हणाला, "न्हाय जमलं तर बदलून ने. चारचा तसाबी कुनी उचलत न्हाय."

दिवाळी झाल्यावर पहिले काम आले ते मंद्रूपच्या मायाप्पाचे. मंद्रूप हे सरदारबीचे माहेर, त्यामुळे मायाप्पा तिला अक्का म्हणे. त्याच्या मळ्यात कांदा होता, आणि विहिरीवरच्या मोटेच्या चाकाचा कणा झिजला होता. कणा म्हणजे हातभर लांबीचा लोखंडी दांडा. मधला भाग चौकोनी, तो चाकात घट्ट बसतो. दोन्ही टोके गोल, ती खांबांच्या खोबणीत फिरतात. टोके पुन्हा साफ गोल करून हवी होती.

बंदेनवाजने एक टोक चकात धरले, चावी आवळली आणि दुसरे कातायला घेतले. मग कणा उलटा धरून पहिलेही कातले. हाताला दोन्ही टोके आरशासारखी गुळगुळीत लागली. त्याला हुरूप आला.

"जरा थांबा," चाक फिरवता फिरवता सरदारबी म्हणाली. "हत्यार बाजूला घेतलं तरी मला मुठीत हिसका लागतोय."

"हात भरून आला असेल तुझा."

"हात रोज भरतो. रोज हिसका लागत नाही."

"चकाने धरलंय ते मधोमधच असणार. सतरा वर्षं मी काय गवत कापलं?"

ती चाक फिरवत राहिली. कणा मंद्रूपला गेला.

पाचव्या दिवशी मायाप्पा खांद्यावर तोच कणा घेऊन परत आला. रागावलेला दिसत नव्हता. घोंगडी झटकून बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "मिस्तरी, चाक हरेक फेऱ्याला उडी मारतंय. मोटेचा नाडा हिसकतोय, बैल मधीच थांबत्यात. मी बैलास्नी इचारलं, काय रं झालं? त्ये म्हनलं, मिस्तरीला इचार."

बंदेनवाज हसला नाही. "चक चुकत नाही," तो म्हणाला.

"चुकत नसंल की. पर आमचं बैल लई वर्सांचं हायत, त्येबी चुकत न्हाईत."

मायाप्पा बाजारात जाऊन येतो म्हणून उठला. बंदेनवाज कणा मांडीवर घेऊन बसला आणि चौकोनापासून टोकापर्यंत बोट फिरवू लागला. हळूहळू त्याच्या लक्षात आले. गिरणीत कारखान्यातून आलेले सरळ, गोल दांडे असत. तीन जबड्यांचा चक त्यांना बरोबर मधोमध धरी. हा कणा गावच्या लोहाराने ऐरणीवर ठोकून घडवलेला. त्याचे टोक गोल दिसत होते, पण गोल नव्हते. चकाने त्या वाकड्या टोकाचा मध्य धरला आणि चौकोनाचा मध्य बाजूला राहिला. टोके एका रेषेत आली, चाक मात्र दुसऱ्याच रेषेत बसले. घरी येणारे प्रत्येक काम आता असेच असणार होते. घडीव, झिजलेले, ठोकलेले.

"हिसका लागत होता म्हणालीस," तो हळूच म्हणाला.

"म्हणाले होते."

"चारचा चक पाहिजे. पण त्याला नजर लागते."

सरदारबी ज्वारी निवडत होती. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "मग घेऊन या. नजर घरात दोघांची मिळून तीन डोळ्यांची आहे."

नागप्पाने चक बदलून दिला. "शहान्याला कंटाळलास व्हय?" एवढेच तो बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदेनवाजने कणा चार जबड्यांत धरला. गिरणीत जुने कारागीर खडू लावून मध्य शोधत, ते त्याला आठवले. त्याने खडूचा तुकडा चौकोनाजवळ टेकवून धरला. "अगदी सावकाश फिरव," तो म्हणाला. चाक फिरले, खडूचा खुट्ट असा एकच आवाज झाला. त्याने वाकून बघितले. कोपरा पांढरा झाला की उजेड पडलाय, त्याला सांगता येईना.

गिरणीत त्याने कधी कुणाला आपले काम बघायला बोलावले नव्हते. क्षणभर तो तसाच वाकून राहिला.

"इकडे ये," तो म्हणाला. "कुठल्या कोपऱ्याला लागलाय, तू सांग."

ती आली, पदर खोचून खाली वाकली. "एकाच. ह्या, चावीच्या बाजूच्या."

त्याने समोरचा जबडा सैल केला आणि हा आवळला. पुन्हा फिरवले. आता दोन कोपऱ्यांना लागला. पुन्हा सैल, पुन्हा आवळणे. नवव्या खेपेला ती म्हणाली, "चारीला. सारखाच."

"सारखा म्हणजे?"

"सारखा म्हणजे सारखा. भाकरीची कड मला कळते, हे कळणार नाही?"

मग ती मुठीपाशी गेली आणि चाक जोरात फिरवले. बराच वेळ फिरवून म्हणाली, "हिसका नाही. लावा हत्यार."

दुसरे टोकही त्यांनी तसेच खडू लावून चौकोनाशी जुळवले. कातण्यात दोन्ही टोके थोडी बारीक झाली, तेव्हा बंदेनवाजने खोबणीसाठी दोन लोखंडी कड्या करून दिल्या. रात्री मुक्कामाला राहिलेल्या मायाप्पाने कणा खांद्यावर टाकला. "बैल काय म्हनत्यात ते कळवतो," म्हणून तो गेला.

त्यानंतरचे आठ दिवस बंदेनवाजला जड गेले. दारात सावली पडली की तो मान वर करी. नोव्हेंबर संपत आला. सरदारबीने कोटाचे एक सुटलेले बटण न विचारता लावून ठेवले, आणि त्यानेही बघून न बघितल्यासारखे केले.

एकोणतीस तारखेला मायाप्पा आला तो एकटा नव्हता. बरोबर त्याचा मेव्हणा बिरप्पा होता आणि दोघांच्या खांद्यांवर मिळून तीन कणे होते.

"माझा कसा चालतोय?" बंदेनवाजने विचारले.

"बैल न थांबत्यात न बोलत्यात," मायाप्पा म्हणाला. "ह्यो बिरप्पा बघाया आला, तर ह्येलाबी पायजे म्हनला. बाकीचं दोन शेजाऱ्याचं. अक्का, तुमी फिरवनार असाल तरच ठेवतो बरं का."

"मिस्तरींना विचारा," सरदारबी म्हणाली.

एक तारखेला सकाळी भोंगा झाल्यावर बंदेनवाज खाकी कोट घडी करून, हातात घेऊन गिरणीच्या फाटकावर गेला. तिथला म्हातारा पहारेकरी धुळाप्पा त्याची वाटच बघत होता. "आलास? घाल की अंगात. हितं ऊन लागत न्हाय, बसायला स्टूल हाय, सुखाची नोकरी."

"ठेव तुझ्याकडंच," बंदेनवाज म्हणाला. "साहेबांना सलाम सांग. माझ्याकडं काम आहे."

"कसलं काम? दिसतंय व्हय तुला?"

"दिसतं," तो म्हणाला, आणि घराच्या वाटेला लागला. बिरप्पाचा कणा अजून चकात लावायचा होता.