हिरव्या दोऱ्याची साडी

कोरीट गावात कुणाचं तिखट खराब झालं की ती बाई डबा घेऊन सिंधुबाईच्या ओट्यावर यायची. सिंधुबाई आधी डब्यात बोट घालायची, मग त्या बाईच्या तोंडाकडे बघायची, आणि मग सांगायची की मिरचीला आणखी दोन उन्हं द्यायला हवी होती. हिंगाचे खडे फडक्यात बांधून डब्याच्या तळाशी टाकायचे असतात, वरून भुरभुरायचे नसतात. एवढं सांगून झालं तरी ती चहा मात्र विचारायची नाही. अक्कल फुकट, साखर नाही, हा तिच्या घरचा कायदा.

तुरीच्या डाळीला एरंडेल किती चोळावं, पोरांना बसमध्ये उलटी होऊ नये म्हणून कुठल्या बाजूला बसवावं, हे सगळं तिला पाठ होतं. नंदुरबारहून सुरतेला जायचं तर ती सामानातल्या प्रत्येक पिशवीला एकाच जुन्या लुगड्याची चिंधी बांधायला लावायची, म्हणजे फलाटावरच्या गर्दीत आपलं गाठोडं लांबून ओळखू येतं. पैसे तीन ठिकाणी ठेवायचे. बरोबर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घ्यायची, म्हणजे हॉटेलची पायरी चढायची वेळ येत नाही. तिचा नवरा भाईदास याने तीस वर्षांच्या संसारात बाहेरचा वडा खाल्ला असेल तो चोरूनच.

फोनचंही तेच. पूर्वी तिच्या फोनवर फुकट फोन यायचे, तोवर तो चालू होता. दर महिन्याला पैसे टाकल्याशिवाय येणारा फोनही बंद, असं झाल्यावर तिने त्यात पैसे टाकणं सोडलं. फोन कोनाड्यात ठेवला आणि संडासला जाताना बॅटरी म्हणून वापरायला घेतला. कुणी विचारलं तर म्हणायची, एका अंगणात दोन फोन कशाला, चेतनाचा आहे ना.

चेतना तिची धाकटी जाऊ. अंगण एक, चुली दोन. सिंधुबाईच्या मते चेतनाचा संसार म्हणजे बुडाला भोक पडलेली बादली. दूध उतू गेलं की ही बाई हसायची. डाळीत किडे निघाले तर कोंबड्यांना टाकायची आणि नवी डाळ आणायची. तरीसुद्धा लोक चेतनाच्याच ओट्यावर जाऊन बसत. सिंधुबाईकडे माणसं विचारायला यायची आणि चेतनाकडे बसायला जायची. हे सिंधुबाईला बावीस वर्षं दिसत होतं आणि बावीस वर्षं तिच्या पोटात दुखत होतं.

पण लोकांचं एक वेळ चालेल. पोटच्या पोरीचं कसं चालेल? रुपा सुरतेला मोठ्या दवाखान्यात नर्स होती. सहा वर्षं हॉस्टेलवर राहत होती आणि दर रविवारी फोन करायची. फोन वाजायचा चेतनाच्या घरात. भिंतीपलीकडून सिंधुबाईला आधी चेतनाचं हसणं ऐकू यायचं, मग बराच वेळ कुजबुज, मग पुन्हा हसणं. त्यानंतर चेतना फोन घेऊन अंगणातून यायची. तोवर पोरीचं सगळं सांगून झालेलं असायचं. सिंधुबाईच्या वाट्याला उरायचं ते "जेवलीस का" आणि "हो, जेवले". चेतनाच्या बोलण्याने तापलेला फोन तेवढा कानाला गरम लागायचा.

या वर्षी रुपाचं लग्न ठरलं. मुलगा सुरतेजवळच्या उधन्याचा, मूळचा आपल्या खान्देशातलाच. तारीख धरली आणि सिंधुबाई बस्त्याच्या तयारीला लागली. बस्ता म्हणजे नवरीच्या शालूपासून पाहुण्यांच्या टोपी-टॉवेलपर्यंत सगळे कपडे एका दमात घ्यायचे. गावातल्या अकरा पोरींच्या बस्त्याला लोकांनी सिंधुबाईला हाताला धरून नेलं होतं. दुकानदाराने किंमत सांगितली की ती उठून चपला घालायची. दुसरी चप्पल घालेपर्यंत किंमत उतरायची. आता बारावा बस्ता स्वतःच्या लेकीचा. तिने भाकरीचं फडकंसुद्धा धुऊन ठेवलं.

रविवारी चेतना फोन घेऊन आली. आज ती हसत नव्हती. रुपा म्हणाली, "आई, बस्ताले मी काकूले लयी जास. तू घर सांभाळ, पाहुणा ई ऱ्हायनात."

सिंधुबाईने बरं म्हटलं. फोन परत दिला आणि आत जाऊन धुतलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. वड्याचं तेल वांग्यावर काढायला तिच्याकडे भांडीच होती.

संध्याकाळी चेतना विचारायला आली. कुठली गाडी, कुठला डबा, सुरतेला उतरून कुठल्या बाजूने बाहेर पडायचं. सिंधुबाईला वाटत होतं, उलटं सांगावं आणि ही पार मुंबईला पोहोचावी. पण चुकीचं सांगणं तिच्या जिभेला येत नव्हतं. तिने सगळं बरोबर सांगितलं, चिंध्या फाडून दिल्या, भाकरी बांधून देऊ का म्हणून विचारलं. चेतना म्हणाली, राहू द्या ताई, आम्ही तिकडे काहीतरी खाऊ.

दोन दिवसांनी काकू-पुतणी परत आल्या त्या चारचाकी गाडी करून. हॉटेलात जेवल्या होत्या, आइस्क्रीम खाल्लं होतं, आणि सांगितली ती किंमत देऊन मोकळ्या झाल्या होत्या. एवढं करून काही हरवलं नव्हतं, काही चुकलं नव्हतं. शालू तर असा होता की सिंधुबाईला हात लावायचा धीर होईना. एखादी तरी साडी फाटकी निघावी म्हणून तिने सगळ्या उलगडून पाहिल्या. एकही निघाली नाही.

तरी एक गोष्ट तिच्या हातात होती, ती म्हणजे मानपानाच्या साड्यांची पेटी. आपल्याकडे आहेरात आलेली साडी कोणी लगेच नेसत नाही. ती जपून ठेवतात आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाला देतात. नवी घ्यावी लागत नाही. धोका एकच, जिने दिली तिलाच ती परत गेली तर सात पिढ्यांचं नाक कापलं जातं. त्यावर सिंधुबाईची युक्ती होती. साडीच्या आतल्या घडीत ती रंगीत दोरा बांधायची, स्वतःच्या खास दुहेरी गाठीने. हिरवा दोरा म्हणजे साडी म्हसावदहून आलेली, तिच्या माहेरची. पिवळा म्हणजे धानोऱ्याच्या नणंदेकडची. लाल भाऊबंदांची. हिरव्या दोऱ्याची साडी म्हसावदला जायची नाही, की झालं. तीस वर्षांत एक साडी चुकली नव्हती, आणि आता अर्धं गाव असे दोरे बांधत होतं.

हळदीच्या आदल्या दिवशी रुपाने आईला सांगितलं की मानपान काकू देईल. तू नवरीची आई आहेस, एका जागी नीट बस. पेटीची किल्ली तिने आईच्या कमरेची काढून चेतनाच्या हातात दिली. मायेनेच दिली असेल. पण सिंधुबाईला ती किल्ली जाताना जी कळ आली, ती पोरीच्या जन्माच्या वेळीही आली नव्हती. बस्ता गेला, किल्ली गेली. आता पाठवणीच्या वेळी पोर रडणार तीही चेतनाच्याच गळ्यात, असं तिला वाटलं आणि तिचं डोकं फिरलं.

एकदा पेटी बघून घेते म्हणून तिने चेतनाकडून किल्ली मागून घेतली आणि ती आत गेली. कांद्याच्या रंगाची एक चांगली साडी होती, तिच्या भावजयीने, म्हसावदच्या कौसाबाईने, भूपेशच्या लग्नात दिलेली. भूपेश म्हणजे सिंधुबाईचा मुलगा. तिने त्या साडीतला हिरवा दोरा दातांनी तोडला, पिवळा बांधला आणि साडी सगळ्यात वर ठेवली. मग बाहेर येऊन किल्ली परत दिली आणि चेतनाला रंग समजावून सांगितले, अगदी बरोबर.

हळदीच्या दुपारी मांडव भरला होता. चेतनाने कुंकू लावलं आणि मानाची पहिली साडी कौसाबाईच्या ओटीत घातली. कौसाबाईने त्या साडीचा पदर उलगडला. त्याच्या कडेला गुलाबी दोऱ्याची शिलाई होती. शिंप्याकडे जुळता रंग नव्हता म्हणून कौसाबाईने स्वतः घातलेली.

"हाई ते मन्हीच साडी शे," ती म्हणाली. "भूपेशना लगीनमा मीच दिन्ही व्हती."

सिंधुबाईने मान खाली घातली, कारण चेहऱ्यावर आनंद दिसला असता. आता चेतनाची फजिती होणार. पण मागून कुणी बाई म्हणाली की सिंधुबाईच्या गाठी म्हणे कधी चुकत नाहीत. दुसरी म्हणाली, वय झालं. लोक चेतनाकडे बघत नव्हतेच, सगळे सिंधुबाईकडे बघत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, हे तिला कळलं तेव्हा हात केव्हाच दाखवून झाला होता.

तेवढ्यात चेतना बोलली. "कौसाताई, ताईनी चूक नही शे. इस्तरी करताना दोरा मन्हा हाते निंघना. मीच दुसरा बांधी दिन्हा."

चेतनाने साड्यांना इस्तरी केलीच नव्हती. दोरा सिंधुबाईने बदलला हे तिला कळलं होतं. पिवळ्या दोऱ्यालाही तीच तीस वर्षांची दुहेरी गाठ होती, आणि ती मारणारं बोट या गावात एकच होतं. तरी ती उभ्या मांडवात खोटं बोलली आणि कौसाबाईच्या पाया पडली. कौसाबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. बायका म्हणाल्या, मन मोठं हो बाईचं, चूक कोण एवढी कबूल करतं. आणि हळदीने माखलेली रुपा पाटावर बसून काकूकडे अशी बघत होती, की तसं तिने आईकडे कधी बघितलं नव्हतं.

सिंधुबाईने मिठाची गुळणी धरली असती तर सगळं निभावलं असतं. गाठींचं नाव राहिलं असतं, माहेरही राहिलं असतं. पण पाप तिने करायचं आणि त्यातून पुण्यही चेतनानेच काढून न्यायचं, हे तिला सोसेना. आजवर चेतनाने पुष्कळ नेलं होतं. ही चूक तरी आपली होती. ती उठली.

"ती खोटं बोली ऱ्हायनी," ती म्हणाली. "दोरा मी बदला. मुद्दाम बदला."

मग कोण काय बोललं ते तिला नीट आठवत नाही. भाईदास बाहेर निघून गेला. कौसाबाईने साडी आपल्या पिशवीत टाकली. साडी चांगली होती, आणि तशीही तिचीच होती. वाजंत्रीवाल्याने प्रसंग ओळखून वाजवायला सुरुवात केली.

रुपा अंगावरच्या हळदीसकट आईच्या मागे धान्याच्या खोलीत आली. दार लावून घेतलं.

"असं काबरं कयं, आई?"

सिंधुबाईने कणगीला टेकून सांगितलं, "तू तिले लयी गयी. माले नही." एवढं बोलून तिला वाटलं आता रडू येईल, पण रागच आला. ती म्हणाली की मला हेवा वाटतो, बावीस वर्षं वाटतो, आणि तुझ्यामुळे सगळ्यात जास्त वाटतो.

रुपाने ते ऐकून घेतलं. आई खरं बोलली म्हणून असेल, तिनेही खरंच सांगितलं. "तुन्हासंगे दुकानमा माले लाज वाटस, आई. तू पायरीवर बशीसन भाकरी सोडस."

बाहेरून रुपाला हाका येत होत्या. जाताना तिने आईच्या गालाला लागलेली हळद पुसली, पण हातालाच हळद होती म्हणून ती आणखी पसरली.

पाठवणीच्या वेळी रुपा आधी चेतनाच्या गळ्यात पडून रडली आणि मग आईच्या. आईच्या गळ्यात ती जास्त वेळ होती की कमी, हे सिंधुबाईला नक्की सांगता येईना. तिने दहापर्यंत आकडे मोजले होते, पुढचे चुकले.

पंधरा दिवस गेले. रविवार होता. भिंतीपलीकडे फोन वाजला. सिंधुबाई कान देऊन राहिली, पण आज हसणं ऐकू आलं नाही. लगेच चेतना अंगणातून आली. त्या हळदीनंतर दोघी कामापुरतंच बोलत होत्या. चेतनाने फोन पुढे केला आणि सांगितलं की रुपा तुम्हालाच विचारतेय.

रुपा म्हणाली की सासूने तिखटाचा मोठा डबा तिच्या ताब्यात दिलाय, इकडची हवा दमट, जाळी धरू नये म्हणून काय करायचं. काकूला विचारलं तर ती म्हणाली, मला काय माहीत, आईला विचार.

सिंधुबाईने सांगितलं. हिंगाचे खडे किती, फडकं कसलं, डबा शेगडीपासून किती लांब. सांगताना तिचा आवाज चढला, आणि समोर नसलेल्या पोरीलाही तिने हाताने डब्याचा आकार करून दाखवला. मग तिला राहवलं नाही. चेतना समोरच उभी होती, तरी तिने विचारलं की मग फोन माझ्या फोनवर का नाही केलास, दरवेळी हिच्याच फोनवर का.

"तुन्हा फोन कधी लागस का, आई?" रुपा म्हणाली. "पयलं वरीस मी रोज तुलेच लावू. फोनमानी बाईच बोले, सेवा बंद शे. मंग मी काकूले लावाले लागनू."

सिंधुबाईने फोन परत दिला. चेतना तो घेऊन आपल्या घरात गेली. सिंधुबाई उठली, कोनाड्यातून स्वतःचा फोन काढला, पदराने पुसला आणि भूपेशला हाक मारली. नंदुरबारला जातोस तर यात पैसे टाकून ये म्हणाली, वर्षभराचे. आईच्या तोंडून वर्षभराचे पैसे हा शब्द ऐकून भूपेश तसाच उभा राहिला.

खाटेवर पडलेला भाईदास म्हणाला, "एक अंगनमा दोन फोन कसाले? चेतनाना शे ना."

"तो चेतनाना शे," सिंधुबाई म्हणाली, आणि पेटीतून पैसे काढायला आत गेली.