मगदूमांचा रस्ता

मगदूमांना पुरा झालेला रस्ता आवडत नसे. आखातात, अजमानच्या आमच्या बिल्डिंगसमोरचा रस्ता पहिल्यांदा तयार झाला, काळंभोर डांबर, पांढरे पट्टे, दोन्ही कडांना इंटरलॉकच्या लाद्या, तेव्हा सगळ्यांनी बाल्कनीत येऊन हुश्श केलं. मगदूम तेवढे घरात काहीतरी वाईट घडल्यासारखा चेहरा करून खाली उभे होते. मी म्हटलं, "सुटलो एकदाचे." त्यावर ते म्हणाले, "रस्ता झाला की तो गाड्यांचा, परांजपेसाहेब. होईस्तोवर तेवढा आपला." पुढे कुठलीशी पाइपलाइन टाकायची राहिली म्हणून तोच रस्ता पुन्हा उकरला, आणि हा गृहस्थ लिफ्टमध्ये मला पेढा द्यायचाच काय तो बाकी होता.

ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत. मूळचे इचलकरंजीचे. हमरिया फ्री झोनमधल्या एका पॅकेजिंग कंपनीत स्टोअर्स मॅनेजर होते. बायको तिकडे शाळेत शिक्षिका, त्यामुळे त्या फक्त सुट्टीत यायच्या. माझं ऑफिसही हमरियातच, म्हणून मगदूम रोज माझ्या गाडीतून यायचे. बसले की सीट मागे सरकवायचे, एसीचा झोत स्वतःकडे वळवायचे आणि माझ्या डब्यात आज काय आहे याची चौकशी करायचे. आवडीची भाजी असली तर दुपारी जेवायलाही हजर. आभार मानण्याची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. आणि दर शनिवारी सकाळी खाली उतरून ते त्या उकरलेल्या रस्त्याचे फोटो काढायचे. कॅमेरा मुलानं टाकून दिलेला, खिशात मावणारा, बॅटरीचं झाकण चिकटपट्टीनं धरून ठेवलेला.

इथे सांगून टाकतो, की बिल्डिंगमधला फोटोग्राफर मी होतो. माझ्याकडे तीन लेन्सेस होत्या, ट्रायपॉड होता, आणि पहाटे उठून वाळवंटात जाऊन बसण्याची चिकाटी होती. आमच्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकावर माझ्याच वाळूच्या टेकड्या छापून यायच्या. त्यातली सर्वांत चांगली टेकडी मी मोठी करून हॉलमध्ये लावली होती. मगदूम पहिल्यांदा घरी आले तेव्हा हात मागे बांधून बराच वेळ तिच्यासमोर उभे राहिले. मी वाट बघत होतो. "छान आलंय," ते म्हणाले, "कॅलेंडरसारखं." त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं, म्हणूनच ते मला जास्त लागलं. मला मगदूमांचा हेवा वाटायला लागला तो तेव्हापासून, आणि पुढे तो वाढतच गेला.

इथे विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायची सोय नाही. म्हणून मी माणसं टाळून वाळूकडे वळलो होतो. मगदूम सरळ विचारायचे. "भाईसाब, एक निकालू क्या?" मग त्याचं नाव, गाव, आज काय काम काढलंय, सगळी चौकशी. एका फोरमननं त्यांना "खलास, खलास, जाओ" करून हाकललं होतं. पुढच्या शनिवारी मगदूम सगळ्या गँगसाठी लबनच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, गार बाटल्या घेऊन गेले, आणि थोड्याच वेळात तो फोरमन रोलरवर हात ठेवून पोझ देत होता. हे फोटो ते छापून आणायचे आणि आमच्या दोघांच्या दारांमधल्या भिंतीवर चिकटवायचे. प्रत्येकाखाली मराठीत एक चिठ्ठी. "नूरभाई, पेशावर. पाइप आला, पण आखूड आला." "आज काम बंद. खड्ड्यात मांजर." "इंजिनियर आला. बघितलं. गेला." वॉचमननं हे सगळं काढायला सांगितलं, तर पुढच्या आठवड्यात वॉचमनचाच फोटो भिंतीवर. त्यानंतर त्याची काही तक्रार आली नाही.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण त्यात सानिका आली. सानिका माझी मुलगी. तिचा जन्म इथलाच. घरात आम्ही दोघं मराठीच बोलायचो, आणि ती उत्तरं द्यायची इंग्रजीत. मी पुण्याहून बाराखडीचे तक्ते आणले, चित्रांची पुस्तकं आणली, रविवारी अर्धा तास मराठीचा ठेवला. "बाबा, कॅन वी नॉट?" एवढंच तिचं म्हणणं असायचं. माझी बायको मेधा म्हणायची, सोड नाद, मोठी झाली की बोलेल. मला नाद सोडता येत नव्हता. माझ्या मुलीनं माझ्याशी मराठीत एक सबंध वाक्य बोलावं, एवढंच मला हवं होतं.

लिफ्टची वाट बघताना सानिका त्या भिंतीपुढे थांबायला लागली. स्कूलबसमधून रोज दिसणारी माणसं तिथे फोटोत होती. एकदा तिनं मगदूमांना विचारलं, खाली काय लिहिलंय. ते म्हणाले, "वाच की," आणि कुलूप उघडून आत गेले. पोरगी तिथेच अक्षर अक्षर लावत बसली. मी तिला कमळ शिकवलं होतं, गणपती शिकवला होता. तिनं आपण होऊन वाचलेला पहिला शब्द होता "खड्डा". मग ती शनिवारी त्यांच्याबरोबर खाली जाऊ लागली, आणि मी बाल्कनीतून दोघांची डोकी बघत चहा प्यायला लागलो.

एकदा आम्ही तिघं गाडीतून येत होतो. मागच्या सीटवरून आवाज आला, "काका, हितं परत खोदायलेत." मी ब्रेकच दाबणार होतो. माझी मुलगी मराठी बोलली होती. त्यांच्याशी बोलली होती. आणि हे असलं मराठी बोलली होती. आनंद झाला की आग लागली, मला कळेना. "खोदत आहेत," मी म्हणालो. "व्हॉटेव्हर, बाबा," ती म्हणाली आणि खिडकीकडे वळली. मगदूम माझ्या शेजारी बसून हसू दाबत होते, तेही मला दिसलं.

त्या वर्षी सुट्टीत पुण्याला गेलो. आईनं सहज विचारलं, तुमच्याकडे कसं काय? सानिका सुरूच झाली. "लई धुरळा उडायलाय आज्जी, खिडकी उघडायची सोय न्हाई." आईनं माझ्याकडे बघितलं. आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी "न्हाई" म्हटलेलं नाही. मला सांगावं लागलं की हे शेजाऱ्यांचं शिक्षण आहे. आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि म्हणाली, "बोलते ना? मग झालं तर." त्या दिवसापासून घरात मगदूमांचंच कौतुक सुरू झालं. माझ्याकडे शुद्ध मराठी होतं, पण ते कुणाला नको होतं.

परत आल्यावर एका शनिवारी मीही कॅमेरा घेऊन खाली उतरलो. विचारलं, फोटो काढू? कामगार हातातलं टाकून ओळीत ताठ उभे राहिले, आणि सगळ्यांनी मगदूमांकडे बघितलं, याला काढू द्यायचा का म्हणून. मगदूमांनी मान हलवली. म्हणजे मला परवानगी मिळाली ती त्यांची. सानिका म्हणाली, "बाबा, यू आर स्टँडिंग इन द वे." मी वर निघून आलो.

मग मगदूम साठीचे झाले आणि कंपनीनं त्यांना निरोप दिला. खोटं कशाला बोलू, बातमी ऐकून मला बरं वाटलं. मी उत्साहानं त्यांच्या बॅगा बांधायला गेलो, वजनकाटाही नेला. सानिका त्या मोकळ्या झालेल्या भिंतीपाशी रडत बसली होती. विमानतळावर सोडायला मीच गेलो. आत जाताना ते म्हणाले, "पोरीचं बोलणं सारखं नीट करायला जाऊ नका, परांजपेसाहेब. काम चालू आहे अजून. लगेच डांबर ओतू नका." माझ्या मुलीविषयी मला हे सांगणार. संपूर्ण परतीच्या ट्रॅफिकमध्ये मी मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होतो.

आता आपलीच पाळी, असं मला वाटलं होतं. पण सानिकाचं मराठीच बंद झालं. आधी वाटलं, रुसली आहे, येईल ताळ्यावर. नाही आली. मी चुका काढायचं सोडलं. एकदा तर अभिमान गिळून विचारलं, "काय करायलीस, सानिका?" तिनं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कीव होती. "बाबा, प्लीज डोंट," ती म्हणाली. हॉलमधल्या कॅलेंडरसारख्या टेकडीखाली मी बराच वेळ बसून राहिलो.

शेवटी मी मगदूमांना फोन लावला. तब्येत विचारली, इचलकरंजीची हवा विचारली, आणि मग म्हणालो, शनिवारी सानिकाला फोन करत जाल का? एवढं वाक्य बोलायला मला जेवढं जड गेलं तेवढं आयुष्यात काही गेलं नसेल. "मलाही करू वाटायलं होतं," ते म्हणाले. "पण तुम्हाला विचारल्याशिवाय कसा करणार?"

तेव्हापासून शनिवारी सकाळी सानिकाच्या खोलीचं दार बंद असतं. कुठल्या कोपऱ्यावर काय उकरलंय, पिवळे कठडे कुठपर्यंत आलेत, सगळा वृत्तान्त ती त्यांना देते. हसते, भांडते, अडते तिथे हातवारे करत असावी. मराठी बोलताना तिचा आवाज वेगळाच लागतो, जरा जाड, थेट माझ्या आईसारखा. हा आवाज मला इतकी वर्षं ठाऊक नव्हता, मगदूमांना होता. मी बाहेर पॅसेजमध्ये उभा राहून ऐकतो. हेवा वाटतो, पण तिथून हलवत नाही.

परवा फोन स्पीकरवर होता. मगदूमांनी विचारलं, "आणि बाबा काय करायलेत?"

सानिकानं आवाजही खाली केला नाही. "दाराबाहेर उभारलेत, काका. नेहमीसारखे ऐकायलेत. मी त्यांच्यासाठीच जरा मोठ्यानं बोलायलोय."